चोरून शिकू नकोस

दहावीचा फॉर्म भरायचा म्हणतेस, आणि वर हळूच म्हणतेस, "ताई, कुणाला सांगू नको हं." पहिल्या गोष्टीला माझं शंभर वेळा हो. दुसरीला मात्र नाही, आणि आज तुझ्याशी बोलायचं आहे ते त्या दुसरीबद्दलच.

तुझी भीती मला कळते गं. आजरा केवढंसं गाव. स्टँडवर कुणाच्या पिशवीत काय दिसलं ते संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षांची बाई, पदरात दोन पोरं, आणि हातात दहावीचं गाईड! बोलतील की लोक. नापास झालीस तर जरा जास्त दिवस बोलतील. पण चोरून शिकणाऱ्या बायकांचं काय होतं ते मी जवळून बघत आले आहे. त्या नापास होत नाहीत, परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत. बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. हिला आता रोज तासभर लागणार आहे हे घरात कुणाला माहीतच नसतं, मग तो तास सोडणार कोण? दिवसभराचं उरकून, सगळे निजल्यावर ती पुस्तक उघडते. दुसऱ्या पानावर डोळे मिटतात. मग एक दिवस पाहुणे येतात, एक दिवस म्हैस विते, आणि पुस्तक साड्यांच्या घडीखाली जाऊन बसतं. अभ्यास कुठवर आला असं कुणी विचारत नाही. सुरू केल्याचं कुणाला कळलेलं नसतं, सोडल्याचंही कळत नाही.

म्हणून ठरलं की त्याच आठवड्यात घरात सांग. नवऱ्याला एकट्याला रात्री कुजबुजत नव्हे, सगळे जेवायला बसलेले असताना. आणि "मला शिकू द्याल का" असं विचारू नकोस, त्याला "बघू" एवढंच उत्तर येतं. "मी यंदा दहावीला बसतेय, संध्याकाळी एवढा वेळ मला लागेल, तेवढ्यात धारेचं आणि डेअरीला दूध घालायचं कोण बघणार ते ठरवूया," असं बोल. तुझा अभ्यास हे घरातलं एक काम आहे, जसं शेताला पाणी पाजणं आहे, असं सगळ्यांना वाटायला हवं. ते एका दिवसात वाटणार नाही. पहिला महिनाभर रोज आठवण करून द्यावी लागेल, रुसवेफुगवे होतील. तो महिना तेवढा काढ.

आता वर्षाचं गणित सांगते, कारण बायका सगळ्यात जास्त इथं अडतात आणि शहरातली माणसं याबद्दल बोलतच नाहीत. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात. त्याच वेळी आपल्याकडं काजू सुरू होतो. बिया गोळा करायच्या, वाळवायच्या, आणि ज्या बायका काजूच्या कारखान्यात फोडायला-सोलायला जातात त्यांना तर हेच चार पैसे मिळायचे दिवस. पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमाराला, म्हणजे चिखलणी आणि रोपलावणीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुठली परीक्षा असली तर भातकापणी. परीक्षांचं वेळापत्रक करणाऱ्यांनी आपलं शिवार बघितलेलं नाही, आणि ते आपल्यासाठी बदलणारही नाहीत. मग आपण आपला अभ्यास शिवाराकडं बघून लावायचा. रोपलावण उरकली, पहिली भांगलण झाली की श्रावण-भाद्रपदात आपल्याकडं पाऊस असा लागतो की बाहेरचं काम आपोआप आवरतं घ्यावं लागतं. गावात सगळे म्हणतात, पावसाचं बसून काय करायचं? तुझा खरा अभ्यास त्या दिवसांत व्हायला हवा. गणित आणि इंग्रजी, जे काय डोक्याला जड जाईल ते, गणपती-दसऱ्यापर्यंत हातावेगळं कर. घनसाळ भात कापून घरात आला की पुढचे दोन-अडीच महिने फक्त लिहिण्याच्या सरावाला ठेव. फेब्रुवारीत नवीन काही शिकायचं नाही. ज्या बाया जानेवारीत पहिल्यांदा पुस्तक उघडतात त्यांचं पुढं काय होतं ते सांगायला नको.

लिहिण्याचा सराव म्हटलं, तो हसण्यावारी नेऊ नकोस. भाषेचा पेपर ८० मार्कांचा, तीन तासांचा. तुझ्या हाताला खुरपं, विळा, लाटणं यांची सवय आहे, पेनाची नाही. तू सलग तीन तास शेवटचं कधी लिहिलंस? पहिल्या पाऊण तासात बोटं आखडतात, अक्षर उतरणीला लागतं, आणि येत असलेलं उत्तर लिहायचं राहून जातं. म्हणून रोज एक पान लिही, मग दोन, आणि डिसेंबरपासून आठवड्याला एक अख्खा पेपर घड्याळ लावून. डोळेही एकदा तपासून घे. जवळचं अंधुक दिसायला लागलेलं असतं आणि आपल्याला वाटतं की अभ्यासात मन लागत नाही.

पेपरही आता तुझ्या वेळचे राहिलेले नाहीत. तू शाळा सोडलीस तेव्हा धड्याखालचे प्रश्न आणि त्यांची पाठ केलेली उत्तरं असायची. आता भाषांना कृतिपत्रिका असते. उतारा समोर छापलेला, त्यावरून आकृत्या पूर्ण करायच्या, आणि शेवटी तुझं मत विचारलेलं असतं. हे कळल्यावर घाबरतात बायका. मला तर हा बदल आपल्या फायद्याचा वाटतो. पंधरा वर्षांच्या पोराला "पाण्याचं नियोजन" यावर मत लिही म्हटलं तर तो गाईड शोधतो. चित्री धरणाचं पाणी कधी सुटतं आणि उसाला कधी पाजायचं हे ज्या बाईला रोज ठरवावं लागतं, तिच्याकडं सांगण्यासारखं कितीतरी असतं. ते फक्त कागदावर उतरवायची सवय करायची. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, पण मोबाईलवर वाचू नकोस. गेल्या वर्षी दहावी झालेल्या कुणाच्या तरी पोरीकडून पुस्तकं माग, हौसेनं देतील. आणि घरात शांतता नसेल तर आपल्या गंगामाई वाचन मंदिरात जाऊन बस. वाचनालय म्हातारे पेन्शनर आणि स्पर्धा परीक्षेची पोरं यांच्यासाठीच आहे असं कुणी ठरवलं?

बरं, वाट कुठली धरायची. तू आठवीनंतर शाळा सोडलीस, दहावीला बसलीच नाहीस, म्हणजे तुझा सतरा नंबरचा फॉर्म, शाळेबाहेरून बसणाऱ्यांचा. पाचवी पास झालेल्या आणि शाळा सोडलेल्या कुणालाही तो भरता येतो, वयाची वरची मर्यादा नाही. तुझी थोरली जाऊ दहावीला बसून नापास झाली होती ना, तिची गोष्ट वेगळी. तिनं सतरा नंबरच्या मागं न लागता जुनी गुणपत्रिका शोधायची आणि आपल्या शाळेत जाऊन पुनर्परीक्षार्थी म्हणून काय करता येईल ते विचारायचं. मध्ये अभ्यासक्रम बदलले असल्यानं हे प्रत्येकीचं वेगळं निघतं, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नये. आणि जिचं गणिताशी अजिबात जमत नाही, तिच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, एनआयओएस म्हणतात ती. तिथं दहावीला पाच विषय घ्यायचे, त्यांत गणित असलंच पाहिजे असं नाही, मराठीतून देता येतं, आणि एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते, एकेक दोन-दोन विषय सोडवत गेलीस तरी चालतं. पण केंद्र कुठं मिळणार ते पैसे भरायच्या आधी बघावं लागतं, आणि गणित सोडलं तर पुढं काही दारं बंद होतात हेही धरून चालावं. तुला मी सतरा नंबरच सुचवते. तुझं गणित वाईट नाही, बचत गटाची वही तूच ठेवतेस. व्याज काढणारीनं शेकडेवारीला भ्यायचं कारण नाही.

आता कागदांचं. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण अभ्यासानं जेवढ्या बायका थकत नाहीत तेवढ्या कागदांनी थकतात. फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो माहेरी, आईच्या पत्र्याच्या पेटीत असला तर नशीब. हरवला असेल तर जिथं शिकलीस तिथल्या जनरल रजिस्टरवरून दुसरी प्रत मिळते, प्रतिज्ञापत्र करावं लागतं, आणि मुख्याध्यापक भेटेपर्यंत दोन-चार खेपा होतात. दाखल्यावर तुझं नाव माहेरचं, बापाचं. आधार कार्डावर नाव नवऱ्याचं. यापायी बायका गांगरतात आणि फॉर्मवर सासरचं नाव घालतात, मग फॉर्म परत येतो. दाखल्यावर जे नाव आहे तेच घालायचं, हॉल तिकिटावर ते येईल, गुणपत्रिकेवरही ते येईल, त्यात कमीपणा काही नाही. नवऱ्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर हॉल तिकीट बघून त्याला उगाच वाटेल. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला असतो. आपल्यातल्या किती जणींची लग्नं नोंदवलेलीच नाहीत! ते काम आधी कर, पुढं नोकरीला, बँकेला, पदवीला, सगळीकडं तो लागतो. आणि दाखला हातात आला की स्पेलिंग, जन्मतारीख, आईचं नाव नीट वाच. चूक असेल तर दुरुस्ती आत्ताच. एकदा दहावीच्या सर्टिफिकेटवर ती छापली गेली की निस्तरता निस्तरत नाही.

फॉर्म आता ऑनलाइन भरायचा असतो. ओटीपी ज्या नंबरवर येणार तो नंबर कुणाचा? आपल्या भागातले निम्मे नवरे मुंबईला नाहीतर कोल्हापूरच्या एमआयडीसीत, आणि घरातल्या सगळ्या कागदांना नंबर त्यांचाच. तो शिफ्टला असतो, फोन लॉकरमध्ये, आणि इकडं कॉम्प्युटरवाला म्हणतो, "बाई, उद्या या." एक साधा मोबाईल, स्वतःच्या नावाचं सिम आणि आधारला जोडलेला स्वतःचा नंबर, हे अभ्यासाच्या पुस्तकांइतकंच गरजेचं आहे. बघ, हे तरी चोरून कसं जमणार? फॉर्मच्या पहिल्या पानालाच घराची साथ लागते.

सासूबाईंची तुला धास्ती वाटते. त्या अडाणी नाहीत गं, त्यांना शिकायला मिळालं नाही एवढंच. आणि मला वाटतं, सूनबाई पुस्तक घेऊन बसली की त्यांना जे टोचतं ते काम पडतं म्हणून कमी आणि स्वतःचं राहिलं म्हणून जास्त. सहीच्या जागी त्या अंगठा उठवतात ना? सरकारचा उल्लास नावाचा साक्षरता कार्यक्रम चालू आहे, पंधरा वर्षांवरच्या निरक्षर माणसांसाठी. शिकवणारे स्वयंसेवक असतात, तूच होऊ शकतेस. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौकशी कर, गुरुजी नाव घालून घेतील. वाचन, लेखन आणि आकडेमोड, एवढीच परीक्षा, घाबरण्यासारखी नाही. संध्याकाळी तू तुझं पुस्तक घेऊन बस, त्यांना पाटी दे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकारानं आजीबाईंची शाळा सुरू झाली ते तू ऐकलं असशील. साठी-सत्तरीच्या, काही नव्वदीच्या बाया, गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर, गावाच्या डोळ्यांदेखत शाळेत. मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काय वाटतं सांगू? शाळेची वेळ दुपारची ठेवली, आज्यांची कामं उरकल्यावरची. शाळा त्यांच्या दिवसाप्रमाणं लावली. आणि गुलाबी लुगडं नेसून निघालेल्या बाईला लपायला जागाच नसते, आपोआप सगळं गाव तिला "शाळेला चाललीस का" विचारतं. तू जाणार असशील तर कुणीतरी तसं विचारायला हवं.

लग्नानंतर शिकणाऱ्या बाईला घरातनं त्रास व्हायचा हे काही आजचं नाही. रमाबाई रानड्यांना शिकवणारे स्वतः न्यायमूर्ती रानडे, तरी घरातल्या बायकांचे टोमणे त्यांना सोसावे लागले, १९१० साली निघालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ते लिहून ठेवलंय. त्याच रमाबाईंनी पुण्यात १९०९ साली सेवासदन काढलं आणि प्रौढ बायकांसाठी वर्ग चालवले. पण मला तुला सांगायचं आहे ते पार्वतीबाई आठवल्यांचं. देवरुखच्या त्या, महर्षी कर्व्यांच्या पत्नी बायांची धाकटी बहीण. विशीत वैधव्य, कडेवर एक मूल. बहिणीच्या आधारानं कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात आल्या, शिकल्या, आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या. इंग्रजी मात्र काही केल्या जमेना. मग काय केलं? १९१८ साली, पन्नाशीला टेकल्या असताना, इंग्रजी शिकायला सरळ अमेरिकेला गेल्या. हातात पैसा नाही, भाषा येत नाही, लोकांच्या घरी घरकाम करून तिथं राहिल्या आणि दोनेक वर्षांनी परत आल्या. "माझी कहाणी" या पुस्तकात त्यांनी हे सगळं सांगितलंय, आपल्याला काय जमत नव्हतं त्याच्यासकट. एका भाषेसाठी परक्याच्या घरची धुणीभांडी करताना त्या बाईनं वयाचा संकोच धरला नाही. तू आपल्याच गावात, आपल्याच पोराच्या पुस्तकातनं इंग्रजी शिकणार आहेस.

पोराचं निघालं म्हणून सांगते. थोरला आता आठवीत. त्याच्याकडनं शिकायला लाजू नकोस, समीकरण सोडवायला तो तुझ्यापेक्षा बरा असेल. पण पोरं या वयात फटकळ असतात. "आई, एवढंही येत नाही?" असं एकदा म्हणेल. ते मनाला लावून घेऊन पुस्तक मिटू नकोस, आणि त्याला रागेही भरू नकोस. म्हण, "नाही येत, परत दाखव." आणि त्याच्या मार्कांशी तुझे मार्क कुणी लावायला लागलं तर तिथल्या तिथं थांबव, भले ते कौतुकानं का असेना. त्याला शाळा आहे, क्लास आहे, ताटात आयतं जेवण आहे.

एक अप्रिय गोष्ट सांगायलाच हवी, खोटी आशा मी तुला देणार नाही. दहावी झाली की अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागेन, असं तुझ्या मनात आहे. पूर्वी मदतनिसाला सातवी चालायची, २०२३ पासून सेविका असो वा मदतनीस, बारावी पास लागते, आणि वय पस्तिसाच्या आत, विधवा बाईला चाळीसपर्यंत सूट. दहावीनंतर सतरा नंबरनं बारावीला बसायचं तर मध्ये दोन वर्षं जावी लागतात. तुझं वय चौतीस. हिशोब तूच कर. ती जागा तुझ्या वयाला आता मिळणार नाही, आणि हे तुला फॉर्म भरायच्या आधी कळलेलं बरं. ज्यांचं वय अजून अठ्ठावीस-तीस आहे त्या तुझ्या नणंदेला, भाचीला मात्र हे आजच सांग, त्यांच्या हातात अजून वेळ आहे. तुझ्यासाठी उघडं राहतं ते आशाचं काम. त्याला वय पंचेचाळीसपर्यंत चालतं आणि दहावी झालेलीला आधी विचारतात, पण गावात जागा सुटायला हवी. बचत गटाच्या वरच्या कामांना, प्रशिक्षणांना दहावीचा कागद उपयोगी पडतो. आणि पुढं मन केलंस तर बारावी करून मुक्त विद्यापीठातनं बी.ए. करता येईल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच माणसांसाठी आहे, आपलं शिवाजी विद्यापीठही घरी राहून पदवी देतं. फक्त कुणी "बारावीबिरावी कशाला, थेट पदवीला बस" म्हणालं तर सावध हो. ज्या जाहिरातीत बारावी मागितलेली असते तिथं मधली पायरी गाळलेली पदवी चालेलच असं नाही.

आणि यातलं काहीच झालं नाही तर? तरी बसावं असं मला वाटतं. तुला आठवीनंतर शाळेतनं काढलं तेव्हा तुझं मत कुणी विचारलं नव्हतं. हायस्कूल लांब, पावसाळ्यात ओढ्याला पाणी, घरात धाकटी भावंडं, एवढ्यावर निकाल लागला. आता ठरवणारी तू आहेस. नोकरी लागली तरच शिकण्याला अर्थ, असं पुरुषांच्या बाबतीत तरी कोण म्हणतं?

नापास होण्याबद्दल शेवटचं. होशील कदाचित, एखाद्या विषयात. इंग्रजीत बहुतेक. ३५ मार्क म्हणजे फार नव्हेत, पण वीस वर्षांनी पेपर हातात घेतला की घाम फुटतोच. राहिलेला विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतो, आणि ती येणार रोपलावणीत. म्हणून आत्ताच, जेवणाच्या ताटावर सांगशील तेव्हाच, हेही सांगून ठेव की एखादा विषय राहिला तर जून-जुलैतले दोन-तीन दिवस मी लावणीला नसणार, पैऱ्याला दुसरी बाई बघावी लागेल. आधी सांगितलं की ते घरच्या हिशोबात बसतं. रविवारी माहेरी जाऊन दाखल्याची पेटी उघड, आणि सोमवारी दाखला, आधार, दोन फोटो आणि तुझा स्वतःचा मोबाईल घेऊन ये, आपण दोघी मिळून फॉर्म भरू. येताना सासूबाईंनाही घेऊन ये, उल्लासला त्यांचं नावही शाळेत घालून टाकू.